डिस्क अर्धी रिकामी तरी जागा नाही: बारीक फायलींच्या सर्व्हरबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा. १ टीबीची व्हर्च्युअल डिस्क, उबुंटू लिनक्स, ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत), त्यात दुकानाच्या साइटचे थंबनेल म्हणजे प्रॉडक्टचे छोटे फोटो, एकेक ५ ते ७ केबीचा. डीएफ मायनस एच (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारलं की ५४ टक्के भरलंय म्हणतं, आणि तरी काल रात्रीपासून प्रत्येक अपलोड 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून पडतोय. शिवाय रात्री १ ला लागणारा आरसिंकचा (फरक बघून फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम) बॅकअप सकाळी ११ पर्यंत रेंगाळतो. आता २ टीबीचा नवा सर्व्हर घ्यायचाय, तर फाइल सिस्टीम कुठली घ्यायची आणि सेटिंग काय ठेवायचं.

आधी आग विझवू, घराचं नंतर बघू.

डीएफ मायनस आय मारा. मायनस एच नाही, मायनस आय. तिथे १०० टक्के दिसणार, लिहून घ्या. तुमची डिस्क संपली नाहीये, आयनोड संपलेत, म्हणजे फाइलची माहिती आणि ती डिस्कवर कुठे आहे ते लिहून ठेवायचे खण. पंगतीत भात भरपूर उरलाय पण पत्रावळ्या संपल्या, तसं झालंय. प्रत्येक फाइलला, मग ती १० बाइटची असो की १० जीबीची, एक आयनोड लागतो, आणि फोल्डरलाही लागतो. ईएक्सटी४ मधे हे आयनोड डिस्क फॉरमॅट करतानाच मोजून ठेवले जातात आणि नंतर तो हिशोब बदलता येत नाही. डीफॉल्ट हिशोब आहे दर १६ केबीमागे एक आयनोड. १ टीबी म्हणजे १०२४ जीबी धरलं तर बरोब्बर ६,७१,०८,८६४ आयनोड. आता तुमची फाइल ५ ते ७ केबीची, ब्लॉक (फाइलला जागा देण्याचा सगळ्यात छोटा तुकडा) ४ केबीचा, म्हणजे प्रत्येक फाइल दोन ब्लॉक म्हणजे ८ केबी खाते. ६ कोटी ७१ लाख गुणिले ८ केबी किती झाले, ५१२ जीबी. म्हणूनच गाडी बरोबर निम्म्यावर अडकली, यात भूतबाधा काही नाही. आणि डीएफ मधे डिस्कची साइज १ टीबी न दिसता १००७जी दिसत असेल बघा. बाकीचे गेले कुठे? त्यातले १६ जीबी त्या आयनोडच्या टेबलात, २५६ बाइटचा एक आयनोड.

आजच्या आज काय करायचं. खाली एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममधे वाटून नंतर वाढवू देणारा थर) असेल तर सुटलात, व्हॉल्यूम वाढवा आणि फाइल सिस्टीम वाढवणारं रिसाइझ२एफएस चालू सर्व्हरवरच मारा. फाइल सिस्टीम वाढली की त्याच प्रमाणात आयनोडही वाढतात, २०० जीबी वाढवले तर १ कोटी ३१ लाख नवे मिळतील, तेवढ्यात तुमचे काही आठवडे निघतील. एलव्हीएम नसेल तर कचरा शोधा. जागा मोजणाऱ्या डीयू कमांडला मायनस मायनस आयनोड्स असा ऑप्शन आहे, तो फोल्डरप्रमाणे फायलींची संख्या देतो, वेळ लागेल पण चालू द्या. माझ्या अनुभवात दहातल्या सहासात वेळा पीएचपीच्या जुन्या सेशन फायली नाहीतर कुठल्यातरी फ्रेमवर्कचा कॅशे सापडतो जो तीन वर्षं कुणी साफ केलेला नसतो. पुसताना आरएम स्टार (सगळं एकदम पुसायची कमांड) करू नका, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून तोंडावर आपटेल, फायली शोधणाऱ्या फाइंड ला मायनस डिलीट लावून पुसा आणि पुढे आयोनाइस (डिस्क वापरताना बाकीच्यांना आधी जाऊ देणारी कमांड) लावा म्हणजे साइट गुदमरणार नाही. अजून एक, कुणीतरी सांगेल की ट्यून२एफएस मायनस एम ने ते रूट म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरसाठी राखीव ५ टक्के सोडव. सोडवा हवं तर, पण त्याने ब्लॉक मोकळे होतात, आयनोड नाही, या दुखण्यावर ते औषध नाही.

आता नव्या सर्व्हरचं.

फाइल सिस्टीम कुठली हा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि मी तो नंतर ठेवतो. पहिला प्रश्न असा की फायली किती आणि कुठल्या आकाराच्या, आणि इथे सरासरीवर जाऊ नका. एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी स्वतः तोंडघशी पडलोय. त्यांनी सांगितलं सरासरी फाइल ९० केबी, मी म्हटलं मग डीफॉल्ट चालेल की, उलट आयनोड उरतीलच. सात महिन्यांनी गणपतीच्या दिवसांत, घरी आरती चालू आणि फोन वाजतोय. बघितलं तर प्रत्येक मोठ्या पीडीएफच्या मागे ३०० बाइटच्या पंधरावीस जेसन (छोट्या माहितीच्या मजकूर) फायली पडत होत्या, पीडीएफनी सरासरी फुगवलेली आणि संख्या सगळी त्या चिल्लरची. तेव्हापासून मी आधी फाइंड ला प्रिंटएफ लावून नुसते आकार काढतो, ऑक या मजकूर छाननीच्या कमांडमधे टाकून १ केबीखालच्या किती, ४ खालच्या किती, १६ खालच्या किती असे गठ्ठे पाडतो, आणि मगच एमकेएफएसला म्हणजे फॉरमॅटला हात लावतो. तुमच्याकडे पण थंबनेलच्या जोडीला काही चिल्लर आहे का बघून घ्या, कारण 'फक्त फोटोच आहेत' असं सांगणाऱ्याकडे कधीच फक्त फोटो नसतात.

तुमचं वर्णन खरं धरून हिशोब करतो. २ टीबीला ईएक्सटी४ करायचं असेल तर एमकेएफएसला मायनस आय ८१९२ द्या. यातला आय छोटा बरं का, छोटा आय म्हणजे किती बाइटमागे एक आयनोड, मोठा आय म्हणजे एका आयनोडचा आकार, यात गल्लत करून बसलेले लोक मी पाहिलेत. ८१९२ ने २६ कोटी ८४ लाख आयनोड मिळतील आणि टेबलात ६४ जीबी जातील. तुमची फाइल ८ केबी खातेच, त्यामुळे आता आयनोडच्या आधी डिस्क भरेल, आणि तसंच हवं, कारण डिस्क भरत आलेली सगळ्यांना दिसते. काही जण ४०९६ सांगतील, एमकेएफएसमधे न्यूज नावाचा तयार प्रकार आहे तो हेच करतो, यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या काळातला. पण त्यात १२८ जीबी नुसती टेबलं होतील आणि तुमच्या आकाराला ती भरणारच नाहीत. १ केबीचा ब्लॉक घेऊन शेपटाची म्हणजे फाइलच्या शेवटच्या अर्धवट ब्लॉकमधली जागा वाचवायची आयडिया पण मनात आली असेल, ती सोडा, ब्लॉक ग्रुप (ब्लॉकचे गट) १२८ एमबीऐवजी ८ एमबीचे होतात, त्यांची संख्या सोळापट, दीडदोन केबी वाचवायला एवढा संसार मांडायचा नाही.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमची गोष्ट वेगळी. हे सिलिकॉन ग्राफिक्सवाल्यांनी ९० च्या दशकात आयरिक्स या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी केलेलं, मोठ्या फायलींसाठी म्हणून नावाजलेलं, त्यामुळे 'एक्सएफएस आणि बारीक फायली? वेडा आहेस का' हे वाक्य जुन्या माणसांकडून अजून ऐकू येतं. ते एकेकाळी खरं होतं, फायली पुसायला फार वेळ घ्यायचं. पण २०११ च्या कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३९ पासून मेटाडेटाचं, म्हणजे फायलींबद्दलच्या नोंदींचं, लॉगिंग उशिरा आणि एकत्र करायची पद्धत डीफॉल्ट झाली आणि तो मुद्दा बऱ्यापैकी संपला. एक्सएफएस मधे आयनोड आधी मोजून ठेवलेले नसतात, लागतील तसे ६४ च्या गठ्ठ्याने तयार होतात. म्हणून लोक म्हणतात एक्सएफएस मधे आयनोड संपतच नाहीत. संपतात. आयमॅक्सपीसीटी म्हणून एक मर्यादा असते, १ टीबीच्या आतल्या डिस्कला २५ टक्के, १ ते ५० टीबीला ५ टक्के, त्याच्या वर १ टक्का, म्हणजे डिस्कचा एवढाच भाग आयनोडना मिळेल. तुमच्या २ टीबीचे ५ टक्के म्हणजे साधारण १०२ जीबी, आणि इथे आयनोड ५१२ बाइटचा, म्हणजे साडेएकवीस कोटीच्या आसपास. गुणिले ८ केबी करा, १६४० जीबीच्या जवळपास तुम्ही परत त्याच भिंतीला धडकणार. तर फॉरमॅट करताना मर्यादा १० टक्के ठेवा. पण विसरलात तरी रात्र काळी होत नाही, एक्सएफएस ग्रोएफएस मायनस एम १० असं चालू सर्व्हरवर मारलं की काम झालं, आणि नेमकं याच कारणासाठी मी तुमच्यासारख्याला एक्सएफएस सांगतो. अंदाज चुकला तर दुरुस्त करता येतो. ईएक्सटी४ मधे चुकला तर सगळं उतरवून परत फॉरमॅट. एक्सएफएस चा तोटा एवढाच की ते लहान करणं जवळजवळ नाहीच, म्हणून व्हॉल्यूम आधी सगळा देऊन टाकू नका, थोडा हातात ठेवा.

झेडएफएस या तिसऱ्या फाइल सिस्टीमबद्दल कुणीतरी म्हणणारच. मला आवडतं, स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) आणि झेडएफएस सेंड (ती दुसरीकडे पाठवणं) या दोन गोष्टींसाठी तर फारच. पण बारीक फायली आणि रेडझेड२ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणारी रचना) ही जोडी जमत नाही, ४ केबीच्या सेक्टरवर ४ केबीचा एक ब्लॉक लिहायला एक डेटाचा आणि दोन पॅरिटीचे (डिस्क गेली तर डेटा परत काढायची नोंद) असे तीन सेक्टर जातात, म्हणजे जागेच्या बाबतीत तीन डिस्कच्या मिररइतकाच (तीन सारख्या प्रती) खर्च आणि वेग त्यापेक्षा कमी. करायचंच तर मिरर करा, आणि पैसे असतील तर मेटाडेटासाठी एसएसडीचा स्पेशल व्हीडेव्ह म्हणजे डिस्कचा वेगळा गट. आणि रायझरएफएस सुचवणारा काका अजून एखादा असतोच, फायलींची शेपटं एकत्र बांधायचं ते काम खरंच सुंदर होतं, पण कर्नल ६.१३ मधे ते काढून टाकलंय, तेव्हा विषय बंद.

आता ज्यावर खरी मदार आहे ते, फोल्डरची मांडणी. तुम्ही लिहिलंय की सगळे थंबनेल एका 'इमेजेस' फोल्डरमधे आणि त्यात विक्रेत्याप्रमाणे सबफोल्डर. एका मोठ्या विक्रेत्याच्या फोल्डरमधे पंचवीसतीस लाख फायली असणार. तिथे जाऊन फायलींची यादी देणारं एलएस मारलं की टर्मिनल मेल्यासारखं होतं ना? डिस्क बिचारी काही वाईट नसते. एलएस आधी सगळी नावं मेमरीत गोळा करतं, मग वर्णानुक्रमे लावतं, आणि रंगीत दाखवायचा अलियास (कमांडचं टोपणनाव) असेल तर वर प्रत्येक फाइलला जाऊन विचारतं तू कोण, एक्झिक्युटेबल आहेस का. तीस लाख वेळा. एलएस मायनस एफ मारून बघा, छोटा एफ, लगेच धबाधबा नावं पडायला लागतील.

ईएक्सटी४ मधे एका फोल्डरलाही मर्यादा असते, नावांचा जो हॅश ट्री (नावापासून काढलेल्या आकड्यांची, म्हणजे हॅशची, अनुक्रमणिका) असतो तो दोन पातळ्यांचा, ४ केबी ब्लॉकला साधारण कोटभर नावांच्या आसपास तो भरतो आणि मग डीमेसेजमधे (कर्नलच्या संदेशांत) 'डिरेक्टरी इंडेक्स फुल' येतं. मजा म्हणजे प्रोग्रॅमला तेव्हाही तीच 'नो स्पेस लेफ्ट' ची एरर दिसते, डीएफ मायनस एच ठीक, डीएफ मायनस आय पण ठीक, आणि माणूस डोकं धरून बसतो. लार्ज डिर नावाचं फीचर चालू केलं तर मर्यादा वाढते, पण तिथपर्यंत जाऊच नये.

तर फोडा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट स्वतःचे ऑब्जेक्ट हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांच्या फोल्डरमधे टाकतो, अक्षरं १६ प्रकारची, म्हणजे २५६ फोल्डर. वेब पानं साठवून ठेवणारा स्क्विड प्रॉक्सी डीफॉल्टला १६ फोल्डर आणि प्रत्येकात २५६ करतो. तुम्ही दोन पातळ्या दोन दोन अक्षरांच्या केल्या तर ६५,५३६ फोल्डर आणि तुमच्या सध्याच्या फायली त्यात वाटल्या की एका फोल्डरमधे हजारच्या आसपास, एकदम आटोपशीर. सगळ्या ठिकाणी हेच सांगतात आणि थांबतात. मला त्यात एक खोट दिसते. हॅश म्हणजे पत्ते पिसणं, आज अपलोड झालेल्या ५० हजार फायली ६५ हजार फोल्डरभर पसरणार, प्रत्येक फोल्डरचा ब्लॉक बदलणार, आणि बॅकअपला कळणार नाही की नवीन काय आहे, ते सगळं घर धुंडाळणार. त्यापेक्षा वरती तारीख ठेवा, वर्ष, महिना, दिवस, आणि त्याच्या खाली हॅशची एक पातळी. एकत्र लिहिलेल्या फायली डिस्कवर जवळजवळ राहतात, जुनं पुसायचं तर अख्खा महिना उचलून टाकता येतो, आणि कुठली फाइल कुठे आहे हे डेटाबेसमधे पाथ म्हणून लिहिलेलं असतंच की.

बॅकअप ११ पर्यंत का चालतो तेही यातच आलं. आरसिंक कॉपी करण्यात वेळ घालवत नाहीये, ते सहा कोटी सत्तर लाख फायलींची विचारपूस करतंय, दोन्ही बाजूंना. एका ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला सेकंदाला शंभरेक रँडम वाचनं जमतात, तेवढ्याने एकेक फाइल उघडून वाचायची तर पावणेआठ दिवस लागतील, भागाकार करून बघा. तारखेची मांडणी केली आणि एकदा लिहिलेला थंबनेल परत बदलत नाही असा नियम पाळला तर रात्री फक्त कालचं फोल्डर टार करून (एका फाइलमधे बांधून) पाठवायचं, वीस मिनिटांचं काम. महिन्यातून एकदा एलव्हीएम स्नॅपशॉट घेऊन अख्ख्या व्हॉल्यूमची इमेज काढा, कारण इमेज सलग वाचली जाते, तिला फायली किती याच्याशी घेणंदेणं नाही. स्नॅपशॉट काम झालं की काढून टाका, तो राहिला की लिहिणं हळू होतं आणि कुणाला कारण सापडत नाही.

आणि रिस्टोर एकदा करून बघा हो. एका क्लायंटकडे बॅकअप रोज हिरवा टिकमार्क देत होता, दोन वर्षं. सर्व्हर गेला त्या दिवशी रिस्टोर लावलं तर सेकंदाला पाचसहाशे फायली तयार व्हायला लागल्या, कारण पलीकडे रेड ५ (डेटा आणि पॅरिटी अनेक डिस्कवर वाटणारी रचना) मधे चार जुन्या हार्ड डिस्का. रेड ५ वर एक छोटं लिहिणं म्हणजे जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, नवा लिही, नवी पॅरिटी लिही, चार खेपा. तिसऱ्या दिवशीही संपलं नव्हतं, मालक खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला आणि काहीच बोलला नाही, ते ओरडण्यापेक्षा वाईट. तुम्ही रेड १ किंवा १० घ्या, म्हणजे सरळ जोडप्रती ठेवणारं, एसएसडीवर.

माउंट (डिस्क सिस्टीमला जोडताना) ऑप्शनमधे फार डोकं घालू नका. नोएटाइम लावा, म्हणजे फाइल कधी वाचली ती वेळ लिहिली जात नाही. रिलॅटाइम (ती वेळ क्वचितच लिहिणारा पर्याय) २००९ पासून डीफॉल्ट आहे त्यामुळे पूर्वीइतका फरक पडत नाही पण थंबनेलला कोण कधी वाचलं याची नोंद ठेवून करायचंय काय. डिस्कार्ड (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) माउंटमधे लावण्यापेक्षा आठवड्याचा एफएसट्रिम टायमर चालू ठेवा. बॅरियर (लिहिण्याचा क्रम जपणारी सोय) बंद करा म्हणजे वेगात होईल असं कुठे वाचलंत तर ते पान मिटा, वीज गेली की कळेल का ते.

रॅमकडे मात्र बघा. प्रत्येक फाइलला हात लागला की तिचा आयनोड आणि डेंट्री (नावाची नोंद) कर्नल मेमरीत धरून ठेवतं, ईएक्सटी४ मधे दोन्ही मिळून एका फाइलमागे सव्वा केबीच्या घरात. म्हणजे १ कोटी फायली गरम ठेवायच्या तर १२ जीबी त्यातच. स्लॅबटॉप मारून बघा सध्या किती आहे. व्हीएफएस कॅशे प्रेशर डीफॉल्ट १०० असतं, मी अशा सर्व्हरवर ५० ठेवतो, म्हणजे कर्नल या नोंदी जरा उशिरा फेकतं. शून्य करू नका, मग ते फेकतच नाही आणि एके दिवशी ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणारी कर्नलची सोय) येऊन डेटाबेस उचलतो. आणि रोजचा अपडेटडीबी! लोकेट कमांडसाठी तो अख्खी डिस्क फिरतो, त्याच्या कॉन्फमधे प्रूनपाथ्समधे हे फोल्डर टाका नाहीतर रोज रात्री तुमचा सगळा गरम कॅशे धुतला जातो आणि सकाळी साइट हळू का हे कुणालाच कळत नाही.

खरं तर अजून एक प्रश्न आहे, या फायली म्हणून ठेवायच्याच का. फेसबुकने २०१० मधे हेस्टॅक या त्यांच्या फोटो साठवणीचा पेपर काढला होता त्याचा गाभा एवढाच, की फोटो वाचण्यापेक्षा फोटो कुठे आहे ते शोधण्यातच डिस्कच्या खेपा जातात, म्हणून हजारो फोटो एका मोठ्या फाइलमधे सलग लिहा आणि कुठून सुरू होतो तो आकडा मेमरीत ठेवा. सीवीडएफएस ही साठवण प्रणाली त्याच धर्तीवर आहे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवाल्यांनीही मोजून दाखवलंय की १० केबीच्या आसपासचे तुकडे त्यांच्या डेटाबेसमधून वाचणं सुट्या फायलींपेक्षा ३५ टक्के वेगवान पडतं. तुमच्या प्रोग्रॅमरला विचारा, थंबनेल मूळ फोटोपासून परत बनवता येत असतील तर जुन्या, कुणी न बघितलेल्या प्रॉडक्टचे साठवायचेच कशाला, मागितला की बनवा. सहा कोटीतले चार कोटी असेच उडाले तर वरचा निम्मा निबंध तुम्हाला लागणारच नाही.

हलवताना सीपी मायनस आर (अख्खा फोल्डर कॉपी करायची कमांड) एकदम अख्ख्यावर लावू नका, मधे तुटलं की कुठवर झालं ते कळत नाही. एकेक विक्रेत्याचा फोल्डर घेऊन टार इकडून पाइपने तिकडे, चार समांतर, आणि झाला की नाव एका यादीत लिहायचं. फायली पोचल्या की दोन्हीकडची संख्या जुळवा आणि पाचशेएक फायलींचे चेकसम (मजकूर तोच आहे का ते पडताळणारे आकडे). तोवर जुन्यावर नवे अपलोड येतच राहणार, म्हणून आधी प्रोग्रॅममधे नवे अपलोड नव्या पाथवर वळवा, वाचताना नव्यात नाही सापडलं तर जुन्यात बघ एवढी एक ओळ घाला, आणि मग आरामात चार दिवस घ्या हलवायला. ते आकाराचे गठ्ठे पाडल्यावर १ केबीखालच्या फायली फार निघाल्या तर इथे आकडे टाका, मग ८१९२ आणि १० टक्के हे दोन्ही आकडे परत काढावे लागतील.